वडगाव (राखीव): पुसला गेलेला मतदारसंघ आणि बौद्धांसाठी बंद राहिलेले दार

हातकणंगले तालुक्यात आज पहिल्यांदा मतदान करणाऱ्या तरुणाला आपला विधानसभा मतदारसंघ 'हातकणंगले' एवढाच माहीत असतो. क्रमांक २७८, अनुसूचित जातींसाठी राखीव. पण त्याच घरातली मोठी माणसे बोलता बोलता 'वडगाव मतदारसंघ' म्हणून जातात. दोघांचेही बरोबर आहे. २००४ पर्यंतच्या निवडणुका 'वडगाव (राखीव)' या नावाने झाल्या, २००९ पासून 'हातकणंगले (राखीव)' या नावाने होत आहेत.

नाव बदलले, हद्द बदलली, राखीवपण टिकले. वरवर पाहता गोष्ट इथेच संपते. पण आपण बौद्ध म्हणून या मतदारसंघाचा इतिहास वाचायला बसलो, तर एक वेगळीच गोष्ट समोर येते. ज्या तालुक्यात माणगाव आहे, जिथे राजर्षी शाहू महाराजांनी बाबासाहेबांची आपला पुढारी म्हणून ओळख करून दिली, त्याच तालुक्यातल्या राखीव जागेवर स्वतःला कायद्याने बौद्ध म्हणवणाऱ्या माणसाला १९७८, १९८०, १९८५ आणि १९९० या चार विधानसभा निवडणुकांत उमेदवारीच करता येत नव्हती. ही कोणा स्थानिक पुढाऱ्याची करामत नव्हती, तो देशाचा कायदा होता. हा कायदा काय होता, तो कसा बदलला आणि पुढच्या मतदारसंघ फेररचनेच्या वेळी आपण काय करायला हवे, हे समजून घेण्यासाठी हा लेख.

वडगाव कुठे गेला?

२००८ च्या फेररचनेपूर्वी कोल्हापूर जिल्ह्यात विधानसभेचे १२ मतदारसंघ होते. शिरोळ, इचलकरंजी, वडगाव, शाहूवाडी, पन्हाळा, सांगरूळ, राधानगरी, कोल्हापूर, करवीर, कागल, गडहिंग्लज आणि चंदगड. यातला वडगाव हा अनुसूचित जातींसाठी राखीव होता. नाव पेठवडगाववरून पडलेले. हातकणंगले तालुक्यातली ही जुनी बाजारपेठ.

२००२ च्या मतदारसंघ फेररचना कायद्यानुसार निवृत्त न्यायमूर्ती कुलदीप सिंग यांच्या अध्यक्षतेखाली आयोग नेमला गेला. २००१ ची जनगणना पायाभूत धरून आयोगाने देशभरातल्या हद्दी नव्याने आखल्या आणि २००८ मध्ये ही रचना लागू झाली. राज्याच्या एकूण जागा २८८ च राहिल्या, पण शहरी भागांची लोकसंख्या झपाट्याने वाढल्यामुळे जागा तिकडे सरकल्या. कोल्हापूर जिल्ह्याच्या जागा १२ वरून १० झाल्या. वडगाव, पन्हाळा, सांगरूळ आणि गडहिंग्लज ही नावे यादीतून गेली. कोल्हापूर शहर परिसरात उत्तर आणि दक्षिण असे दोन मतदारसंघ झाले. हातकणंगले तालुक्यात इचलकरंजी हा सर्वसाधारण मतदारसंघ राहिला आणि पेठवडगाव, हातकणंगले, हुपरी हा भाग मिळून हातकणंगले (राखीव) तयार झाला.

लोकसभेचेही असेच झाले. हातकणंगले हे नाव लोकसभेच्या यादीत १९६० च्या दशकात होते. १९७७ पासून ते जाऊन इचलकरंजी आले आणि २००९ पासून पुन्हा हातकणंगले आले. मात्र लोकसभेचा हा मतदारसंघ सर्वसाधारण आहे. लोकसभा आणि विधानसभा दोन्हींचे नाव एकच असल्यामुळे अनेक तरुणांचा गोंधळ होतो, म्हणून हे स्पष्ट केलेले बरे.

म्हणजे मतदारसंघ ही काही डोंगरासारखी, नदीसारखी कायमची गोष्ट नाही. ती जनगणनेच्या आकड्यांवरून कागदावर आखली जाते. कोणाची मोजणी कशी झाली, यावर ती आखणी ठरते. हा मुद्दा लक्षात ठेवू, कारण पुढची सगळी गोष्ट त्यावरच उभी आहे.

माणगावने विचारलेला प्रश्न

२१ आणि २२ मार्च १९२० रोजी माणगावला दक्षिण महाराष्ट्र बहिष्कृत वर्गाची परिषद झाली. अध्यक्ष होते डॉ. बाबासाहेब आंबेडकर. गावचे पाटील अप्पासाहेब (दादागोंडा) पाटील यांचा परिषदेच्या आयोजनात मोठा वाटा होता. 'मूकनायक' सुरू होऊन तेव्हा जेमतेम पावणेदोन महिने झाले होते. या परिषदेत शाहू महाराजांनी उपस्थितांना सांगितले की तुम्हाला तुमचा पुढारी मिळाला आहे.

आपण दरवर्षी माणगावला जातो, अभिवादन करतो. पण माणगावचे राजकीय महत्त्व केवळ दोन महापुरुषांच्या भेटीपुरते नाही. त्या काळात प्रश्न असा होता की अस्पृश्यांच्या वतीने बोलायचे कोणी? सवर्ण सुधारकांनी, की अस्पृश्यांनी निवडलेल्या माणसाने? बाबासाहेबांनी जानेवारी १९१९ मध्ये साउथबरो समितीपुढे साक्ष देताना मताधिकार आणि स्वतःचे प्रतिनिधी या दोन्हींची मागणी केली होती. माणगावनंतर दोनच महिन्यांनी, ३० मे ते १ जून १९२० दरम्यान, नागपूरला शाहू महाराजांच्या अध्यक्षतेखाली अखिल भारतीय बहिष्कृत परिषद झाली. अस्पृश्यांचे प्रतिनिधी कायदेमंडळातल्या इतर सभासदांनी निवडावेत, अशी सूचना डिप्रेस्ड क्लासेस मिशनकडून पुढे आली होती. बाबासाहेबांनी नागपुरात तिला ठाम विरोध केला.

थोडक्यात, प्रतिनिधी आपल्यातला असणे एवढेच पुरेसे नाही, तो आपण निवडलेला असला पाहिजे, ही मागणी १९२० पासूनची आहे. राखीव मतदारसंघाचा इतिहास वाचताना हीच फूटपट्टी हातात ठेवावी लागते.

पुणे करार आणि कोल्हापूर

गोलमेज परिषदेनंतर ब्रिटिशांनी अस्पृश्यांसाठी स्वतंत्र मतदारसंघ मान्य केले. गांधीजींच्या उपोषणानंतर २४ सप्टेंबर १९३२ रोजी पुणे करार झाला. प्रांतिक कायदेमंडळांत १४८ राखीव जागा मिळाल्या, पण मतदारसंघ संयुक्त झाले. स्वतंत्र मतदारसंघ गेल्याची थोडी भरपाई म्हणून करारात प्राथमिक निवडणुकीची सोय होती. आधी फक्त अस्पृश्य मतदारांनी चार उमेदवारांची नावे निवडायची आणि मग त्यातून सर्व मतदारांनी एकाला निवडून द्यायचे. ही सोय दहा वर्षांपुरती होती. स्वतंत्र भारताच्या संविधानात राखीव जागा आल्या, पण ही प्राथमिक निवडणूक आली नाही.

हातकणंगले भागाला या मधल्या टप्प्याचा अनुभवच मिळाला नाही. १९३७ आणि १९४६ च्या प्रांतिक निवडणुका ब्रिटिश मुलखात झाल्या. कोल्हापूर हे संस्थान होते. ते १ मार्च १९४९ रोजी मुंबई राज्यात विलीन झाले. त्यामुळे स्वतंत्र मजूर पक्षाने १९३७ मध्ये मुंबई प्रांतात जे यश मिळवले, त्यात मत द्यायची संधी माणगावच्या मतदाराला नव्हती. या भागातल्या माणसाने विधानसभेसाठी पहिले मत दिले ते १९५१-५२ च्या सार्वत्रिक निवडणुकीत, आणि तेही थेट संयुक्त मतदारसंघात.

दोन मतांचा मतदारसंघ

आजच्या तरुणांना ठाऊक नसलेली एक गोष्ट म्हणजे द्विसदस्य मतदारसंघ. पहिल्या दोन सार्वत्रिक निवडणुकांत बहुतेक राखीव जागा स्वतंत्र नव्हत्या. एका मोठ्या मतदारसंघातून दोन प्रतिनिधी निवडले जात, एक सर्वसाधारण आणि एक राखीव. प्रत्येक मतदाराला दोन मते असत, पण दोन्ही एकाच उमेदवाराला देता येत नसत. मोजणीत आधी अनुसूचित जातींच्या उमेदवारांत ज्याला सर्वाधिक मते, तो राखीव जागेवर विजयी होई. उरलेल्या सर्वांत ज्याला जास्त मते, तो दुसऱ्या जागेवर. हा दुसरा उमेदवारही अनुसूचित जातीचा असू शकत असे.

या पद्धतीत १९५२ मध्ये खुद्द बाबासाहेबांचा मुंबईत काँग्रेसच्या नारायण काजरोळकरांकडून पराभव झाला. संयुक्त मतदारसंघात समाजाचा सर्वमान्य नेता हरू शकतो, हे देशाने तेव्हा पाहिले.

पण १९५७ मध्ये कोल्हापूरने दुसरी बाजूही दाखवली. संयुक्त महाराष्ट्राची चळवळ जोरात होती आणि शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशन संयुक्त महाराष्ट्र समितीत सामील होते. कोल्हापूर या द्विसदस्य लोकसभा मतदारसंघातून शेतकरी कामगार पक्षाचे भाऊसाहेब महागावकर आणि फेडरेशनचे एस. के. डिगे असे दोघे निवडून आले. त्याच निवडणुकीत नाशिकमधून दादासाहेब गायकवाड आणि कोपरगावमधून बी. सी. कांबळे लोकसभेत गेले. बाबासाहेबांच्या महापरिनिर्वाणानंतर काही महिन्यांतच मिळालेले हे यश होते. शेतकरी आणि दलित मतदार एका कार्यक्रमावर एकत्र आले की संयुक्त मतदारसंघातही आपला, आपल्या पक्षाचा माणूस निवडून येतो, हा कोल्हापूरचा धडा आहे.

ही पद्धत मात्र टिकली नाही. १९५७ मध्येच आंध्र प्रदेशातल्या पार्वतीपुरम या अनुसूचित जमातींसाठीच्या द्विसदस्य मतदारसंघात दोन्ही जागा आदिवासी उमेदवारांनी जिंकल्या आणि व्ही. व्ही. गिरी पराभूत झाले. गिरी सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. राखीव जागेसाठी पात्र उमेदवार सर्वसाधारण जागाही जिंकू शकतो, असे न्यायालयाने १९५९ मध्ये स्पष्ट केले. त्यानंतर १९६१ मध्ये संसदेने कायदा करून द्विसदस्य मतदारसंघच रद्द केले. तेव्हापासून एक मतदारसंघ, एक मत, एक प्रतिनिधी, आणि राखीव असेल तिथे फक्त अनुसूचित जातीचे उमेदवार, अशी आजची पद्धत सुरू झाली. १९६२ मध्ये रिपब्लिकन पक्षाला महाराष्ट्रातून लोकसभेची एकही जागा मिळाली नाही.

धम्म स्वीकारला आणि जागा घटल्या

आता या गोष्टीचा सर्वांत महत्त्वाचा भाग. १९५० च्या अनुसूचित जाती आदेशात अशी तरतूद होती की हिंदू धर्माखेरीज दुसरा धर्म मानणारी व्यक्ती अनुसूचित जातीची समजली जाणार नाही. १९५६ मध्ये त्यात शिखांचा समावेश झाला. बौद्धांचा झाला नाही.

१४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला धम्मदीक्षा झाली. १९५१ च्या जनगणनेत आजच्या महाराष्ट्राच्या भागात बौद्धांची संख्या अडीच हजारांच्या घरात होती. १९६१ मध्ये ती सुमारे २७ लाख ९० हजार झाली. म्हणजे राज्याच्या लोकसंख्येच्या सात टक्क्यांहून थोडी जास्त. हे सगळे लोक कायद्याच्या दृष्टीने अनुसूचित जातींच्या यादीबाहेर गेले. त्यांची वस्ती तीच राहिली, त्यांच्याशी होणारा व्यवहार तोच राहिला, पण रकाना बदलला.

राखीव जागा अनुसूचित जातींच्या लोकसंख्येच्या प्रमाणात द्यायच्या, असे संविधानाचे कलम ३३२ सांगते. लोकसंख्येचा आकडा घटला की जागा घटणार. महाराष्ट्र विधानसभेतल्या अनुसूचित जातींच्या राखीव जागा पाहा:

१९६२: एकूण २६४ पैकी ३३
१९६७: एकूण २७० पैकी १५
१९७८: एकूण २८८ पैकी १८
२००९: एकूण २८८ पैकी २९

१९६२ ची निवडणूक १९५१ च्या जनगणनेवर आधारलेली होती, १९६७ ची १९६१ च्या. या दोन आकड्यांमधली घसरण ही धम्मक्रांतीची आपण मोजलेली राजकीय किंमत आहे. राज्यातल्या निम्म्याहून अधिक राखीव जागा एका फेररचनेत नाहीशा झाल्या.

दुसरी किंमत उमेदवारीची. १९६२ मध्ये नागपूरमधल्या एका राखीव मतदारसंघातून डी. पी. मेश्राम निवडून आले. त्यांनी बौद्ध धम्म स्वीकारला आहे, म्हणून ते राखीव जागेस पात्र नाहीत, असा दावा झाला. पंजाबराव विरुद्ध डी. पी. मेश्राम या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने धम्म स्वीकारल्याचे जाहीर करणारी व्यक्ती हिंदू राहत नाही, म्हणून ती राखीव जागा लढवू शकत नाही, असा निर्णय दिला. महाराष्ट्र सरकारने राज्याच्या पातळीवर नवबौद्धांना शिक्षण आणि नोकरीतल्या सवलती दिल्या होत्या, पण विधानसभेची उमेदवारी केंद्राच्या यादीवर अवलंबून होती. तिथे राज्याचे काही चालत नव्हते.

याचा परिणाम घराघरांत दिसला. घरात बुद्धवंदना, भिंतीवर बाबासाहेब आणि शाळेच्या दाखल्यावर 'हिंदू महार'. ज्यांनी दाखला तसाच ठेवला, त्यांना लढण्याचा मार्ग मोकळा होता. ज्यांनी प्रामाणिकपणे सगळीकडे 'बौद्ध' लिहिले, त्यांच्यासाठी दार बंद होते. श्रद्धा आणि अधिकार यांपैकी एक निवडा, असे राज्यसंस्थाच नागरिकाला सांगत होती.

१९७६ च्या रचनेत वडगाव राखीव होता. त्यानुसार १९७८, १९८०, १९८५ आणि फेब्रुवारी १९९० अशा चार निवडणुका झाल्या. त्यानंतर काही महिन्यांतच, १९९० मध्येच, विश्वनाथ प्रताप सिंग यांच्या सरकारच्या काळात संसदेने अनुसूचित जाती आदेशात दुरुस्ती केली आणि हिंदू व शीख यांच्या जोडीला 'बौद्ध' हा शब्द आला. म्हणजे वडगावच्या राखीव जागेवर बौद्ध म्हणून उजळ माथ्याने उभे राहण्याचा हक्क मिळाला तो १९९५ च्या विधानसभा निवडणुकीत. धम्मदीक्षेनंतर तब्बल ३९ वर्षांनी.

अठराचे एकोणतीस कसे झाले?

१९७१ च्या जनगणनेत महाराष्ट्रात अनुसूचित जातींचे प्रमाण सुमारे ६ टक्के होते. म्हणून २८८ पैकी १८ जागा. १९९० च्या दुरुस्तीनंतर बौद्धांची गणना अनुसूचित जातींमध्ये होऊ लागली आणि १९९१ मध्ये हे प्रमाण सुमारे ११ टक्क्यांवर गेले. पण जागा लगेच वाढल्या नाहीत. १९७६ च्या ४२ व्या घटनादुरुस्तीने मतदारसंघांची फेररचना गोठवलेली होती. त्यामुळे १९९५, १९९९ आणि २००४ या तीन निवडणुका जुन्याच १८ जागांवर झाल्या. बौद्ध मोजले जात होते, पण त्या मोजणीची जागा विधानसभेत उमटत नव्हती.

२००८ च्या फेररचनेला २००१ ची जनगणना वापरली. तेव्हा राज्यातले प्रमाण १०.२ टक्के होते. २८८ चे १०.२ टक्के काढले की उत्तर २९ च्या थोडे वर येते. म्हणून २९ जागा. लोकसभेतही राखीव जागा ३ वरून ५ झाल्या. हीच आकडेमोड जिल्ह्याला लावून पाहा. कोल्हापूर जिल्ह्यात अनुसूचित जातींचे प्रमाण सुमारे १३ टक्के आणि जागा १०. वाट्याला एक जागा येते, ती हातकणंगले.

इथे दोन गैरसमज दूर करू. पहिला, ग्रामपंचायत किंवा जिल्हा परिषदेत आरक्षण फिरते, तसे विधानसभेत दर निवडणुकीला फिरत नाही. राखीव मतदारसंघ पुढच्या फेररचनेपर्यंत तोच राहतो. दुसरा, 'आरक्षण फक्त दहा वर्षांसाठी होते' हे वाक्य आपल्याला वारंवार ऐकवले जाते. दहा वर्षांची मुदत कलम ३३४ मध्ये आहे आणि ती फक्त लोकसभा व विधानसभेतल्या राखीव जागांना लागू आहे. शिक्षण आणि नोकरीतल्या आरक्षणाला अशी मुदत नाही. राजकीय जागांची मुदत प्रत्येक वेळी वाढवली गेली असून १०४ व्या घटनादुरुस्तीने ती २५ जानेवारी २०३० पर्यंत आहे.

कोण निवडून आले आणि कोणी निवडून दिले?

१९८० च्या दशकापासून वडगाव म्हटले की काँग्रेसचे जयवंतराव आवळे हे नाव पुढे येई. त्यांनी या मतदारसंघाचे अनेकदा प्रतिनिधित्व केले, राज्यात मंत्रिपद भूषवले. २००४ मध्ये वडगावची शेवटची निवडणूक जनसुराज्य शक्ती पक्षाचे राजीव आवळे यांनी जिंकली. फेररचनेनंतर २००९ आणि २०१४ मध्ये हातकणंगलेतून शिवसेनेचे डॉ. सुजित मिणचेकर, २०१९ मध्ये काँग्रेसचे राजू आवळे आणि २०२४ मध्ये जनसुराज्य शक्तीचे अशोकराव माने निवडून आले. जयवंतराव आवळे २००९ मध्ये लातूरमधून लोकसभेत गेले. लातूर हा याच फेररचनेत राखीव झालेला मतदारसंघ होता.

या यादीत कोणत्याही व्यक्तीला दोष देण्याचे कारण नाही. प्रश्न रचनेचा आहे. १९७८ पासून आजपर्यंत या राखीव जागेवर निवडणूक झाली, पण ती कोणाच्या मतांवर? जिल्ह्याची सरासरी धरली तर शंभर मतदारांत अनुसूचित जातींचे तेराच्या आसपास. राखीव मतदारसंघात हे प्रमाण थोडे जास्त असते, तरी बहुसंख्य मते इतर समाजांची. शिवाय या पट्ट्यातले राजकारण साखर कारखाना, दूध संघ, सहकारी बँक, सूतगिरणी यांच्याभोवती फिरते. या संस्थांच्या मोठ्या पदांवर आपला समाज फारसा नाही. त्यामुळे राखीव जागेचा उमेदवार आपल्या समाजातला असला, तरी त्याला तिकीट देणारी आणि यंत्रणा पुरवणारी ताकद बहुतेक वेळा समाजाबाहेरची असते. १९२० च्या नागपूर परिषदेतला प्रश्न इथे वेगळ्या रूपात पुन्हा उभा राहतो.

म्हणून राखीव जागा निरुपयोगी आहेत, असे म्हणायचे का? १९५५ मध्ये फेडरेशननेच कायदेमंडळातल्या राखीव जागा बंद कराव्यात अशी भूमिका घेतली होती, याची आठवण काही कार्यकर्ते करून देतात. ती भूमिका स्वाभिमानाची होती आणि तिच्यामागे १९५२ चा अनुभव होता. पण आजचा प्रश्न विचारून पाहा. राखीव जागा नसत्या, तर कोल्हापूर जिल्ह्यातल्या दहापैकी किती जागांवर मोठ्या पक्षांनी अनुसूचित जातीचा उमेदवार दिला असता? सर्वसाधारण जागेवर आपल्याला उभे राहायला कायद्याची आडकाठी नाही, तरी तिकिटे किती मिळतात, हे आपण पाहतोच. राखीव जागा सोडणे हा उपाय नाही. त्या जागेवरचा माणूस समाजाला उत्तरदायी राहील एवढे संघटन उभे करणे, हा उपाय आहे. १९५७ मध्ये ते कोल्हापुरात घडले होते.

पुढची फेररचना आणि आपला रकाना

विधानसभेच्या एकूण जागांवरची गोठवणूक २०२६ नंतरच्या पहिल्या जनगणनेपर्यंत आहे. ती जनगणना म्हणजे २०२७ ची. त्यानंतर केव्हातरी नवी फेररचना होईल. तेव्हा हातकणंगले राखीव राहील, शेजारचा दुसरा मतदारसंघ राखीव होईल, की जिल्ह्याच्या वाट्याला आणखी एखादी जागा येईल, हे या जनगणनेतल्या आकड्यांवर ठरेल. म्हणून आत्तापासून तीन कामे हाती घ्यावी लागतील.

पहिले काम जनगणनेचे. जनगणनेत धर्माचा रकाना वेगळा आणि अनुसूचित जातीचा रकाना वेगळा असतो. धर्म 'बौद्ध' लिहिला, तरी अनुसूचित जातीत गणना होण्यासाठी यादीतले जातीचे नाव सांगावे लागते. 'बौद्ध' किंवा 'नवबौद्ध' हे यादीतले जातीचे नाव नाही. महाराष्ट्राच्या यादीत ३७ व्या क्रमांकावर महार आहे. २०११ मध्ये महाराष्ट्रात बौद्धांची संख्या सुमारे ६५ लाख होती, त्यांपैकी अनुसूचित जातींमध्ये नोंद झाली सुमारे ५२ लाखांची. उरलेले १३ लाख राखीव जागांच्या हिशेबात आलेच नाहीत. त्यात मुळात अनुसूचित जातीचे नसलेले बौद्धही असतील, पण आपल्यातल्या अनेकांची नोंद केवळ माहितीअभावी सुटते, हेही खरे.

इथे एक प्रामाणिक अडचण आहे. आम्ही जात टाकून धम्मात आलो, मग पुन्हा जातीचे नाव का लिहायचे, असे तळमळीचे कार्यकर्ते विचारतात. त्यांच्या भावनेचा आदर ठेवून एवढेच म्हणावेसे वाटते की धर्माचा रकाना आपली ओळख सांगतो, अनुसूचित जातीचा रकाना आपल्यावर झालेल्या अन्यायाची नोंद ठेवतो. १९५६ ते १९९० या काळात सरकारने आपल्याला दोहोंपैकी एकच निवडायला लावले. त्या सक्तीविरुद्ध आपल्या आधीच्या पिढीने चौतीस वर्षे लढा दिला आणि दोन्ही एकत्र लिहिण्याचा हक्क मिळवला. मिळालेला हक्क आपणच न वापरणे म्हणजे ३३ च्या १५ जागा झालेल्या काळाकडे स्वतःहून परत जाणे. आणि धर्माच्या रकान्यात 'हिंदू' लिहिण्याचे तर आता कोणतेही कारण उरलेले नाही.

दुसरे काम अभ्यासाचे. राखीव मतदारसंघ राज्याच्या वेगवेगळ्या भागांत विभागलेले असावेत आणि शक्यतो जिथे अनुसूचित जातींचे प्रमाण तुलनेने जास्त आहे तिथे असावेत, असे २००२ चा कायदा सांगतो. म्हणजे हद्द कशी आखली यावर मतदारसंघातले आपले प्रमाण ठरते. एकमेकांना लागून असलेल्या गावांतल्या आपल्या वस्त्या दोन मतदारसंघांत वाटल्या गेल्या, तर दोन्हीकडे आपण विरळ होतो. जनगणनेचे गावनिहाय आकडे सर्वांसाठी खुले असतात. प्रत्येक तालुक्यातल्या चार-पाच शिकलेल्या तरुणांनी गावनिहाय तक्ता आणि नकाशा तयार केला, तर पुढे त्याचा मोठा उपयोग होईल.

तिसरे काम हरकतींचे. फेररचना आयोग आधी मसुदा प्रसिद्ध करतो, लोकांकडून सूचना व हरकती मागवतो आणि जाहीर सुनावणी घेतो. आयोगाला सहाय्य करायला त्या त्या राज्यातले खासदार-आमदार सहयोगी सदस्य म्हणून असतात. त्यांचे म्हणणे आयोगापुढे पोहोचतेच, सामान्य माणसाचे पोहोचायला लेखी हरकत द्यावी लागते. अंतिम आदेशाला कायद्याचे बळ असते आणि नंतर न्यायालयात त्याला आव्हान देण्यास फारच थोडा वाव राहतो. म्हणून जे म्हणायचे ते मसुद्याच्या वेळीच म्हटले पाहिजे. गावातले विहार, मंडळ, महिला बचत गट, विद्यार्थी संघटना यांपैकी कोणीही ही हरकत देऊ शकते.

वडगावचे नाव यादीतून गेले तेव्हा त्यावर आपल्यापैकी किती जणांनी विचार केला? हातकणंगलेच्या बाबतीत तसे होऊ नये. माणगावच्या मातीत आपल्याला पुढारी मिळाला. पुढारी निवडण्याचा अधिकार मात्र मोजणीत, नकाशात आणि मतपेटीत दर पिढीला नव्याने राखावा लागतो. येत्या काळात प्रत्येक विहारात एका रविवारी वंदनेनंतर अर्धा तास या विषयाला द्यावा. जनगणनेचा अर्ज आणि तालुक्याचा नकाशा समोर ठेवून बसावे. सुरुवात तिथून होईल.

जय भीम! नमो बुद्धाय!